ऑव्हिड

पब्लियस ओव्हिडियस नासो ऊर्फ ऑव्हिड (२० मार्च इ.स.पू. ४३ – इ.स. १७ किंवा १८) हा प्राचीन रोममधील एक श्रेष्ठ लॅटिन कवी होय. ‘मेटामॉर्फसिस’ (रूपांतरे) हे १५ सर्गांचे पुराणकथात्मक महाकाव्य आणि ‘फास्टी’ हे रोमन सणांचे व विधींचे काव्यमय पंचांग या त्याच्या दोन मोठ्या रचना आहेत. ग्रीक व रोमन देवदेवतांच्या ज्या कथा आज जगभर सांगितल्या जातात, त्यांतील बऱ्याच कथा पुढच्या पिढ्यांना ऑव्हिडने दिलेल्या रूपातच माहीत झाल्या. सामान्य रोमन माणूस घरात, शेतात आणि पितरांच्या थडग्यापाशी कोणते विधी करीत असे, हे सांगणारे ‘फास्टी’सारखे दुसरे काव्य लॅटिनमध्ये नाही. इ.स. ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने ऑव्हिडला रोममधून काळ्या समुद्राच्या काठी हद्दपार केले. त्या वेळी पंचांगाचे सहाच महिने हातावेगळे झाले होते. उरलेले सहा महिने आज उपलब्ध नाहीत आणि कवीही रोमला परतला नाही.

जन्म आणि घराणे

ऑव्हिडचा जन्म इटलीतील अपेनाइन पर्वतराजीतल्या सुल्मो (आजचे सुल्मोना) या गावी झाला. पेलिग्नी जमातीच्या या प्रदेशात थंड झऱ्यांचे पाणी विपुल होते. गाव रोमपासून ९० रोमन मैलांवर, म्हणजे सुमारे १३० किलोमीटरांवर होते. घराणे सरदार वर्गातील, जुने व सुस्थितीतील होते. मात्र रोमच्या राजकारणात ते कधी पुढे आले नव्हते. त्याच्या आयुष्याची बरीचशी माहिती त्याने स्वतः ‘ट्रिस्टिया’ या संग्रहातील एका आत्मचरित्रपर कवितेत दिली आहे. प्राचीन कवींपैकी फार थोड्यांनी आपल्याविषयी इतके सांगून ठेवले आहे.

त्याच्या जन्मदिवशी मिनर्व्हा देवीचा पाच दिवसांचा उत्सव चालू होता. पहिला दिवस रक्तपाताविना पाळला जाई आणि दुसऱ्या दिवसापासून शस्त्रांचे खेळ सुरू होत. ऑव्हिड जन्मला तो हा दुसरा दिवस. त्याच्या आधी बरोबर एक वर्ष, त्याच तारखेला, थोरला भाऊ जन्मला होता. त्यामुळे घरात त्या दिवशी दोन मुलांसाठी दोन पोळ्यांचा नैवेद्य होत असे.

ज्युलियस सीझरच्या हत्येला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. ऑव्हिड १२ वर्षांचा असताना अ‍ॅक्टियमच्या लढाईने (इ.स.पू. ३१) यादवीचा शेवट झाला. त्याचे पुढचे आयुष्य समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. व्हर्जिल आणि होरेस यांनी यादवीची होरपळ डोळ्यांनी पाहिली होती; होरेस तर फिलिपीच्या रणात पराभूत पक्षाकडून लढला होता. ऑगस्टसने आणलेल्या शांततेचे मोल त्यांना ठाऊक होते. ऑव्हिडच्या पिढीला ती शांतता आयती मिळाली. त्यामुळे सम्राटाविषयीची कृतज्ञता या पिढीच्या लेखणीत सहजपणे उतरत नाही.

शिक्षण आणि नोकरी

दोन्ही भावांना वडिलांनी शिक्षणासाठी रोमला पाठवले. थोरल्याचा ओढा वक्तृत्वाकडे व वकिलीकडे होता, धाकट्याचा कवितेकडे. कवितेने पोट भरत नाही, होमरनेही मागे काही संपत्ती ठेवली नाही, अशी वडिलांची समजूत होती व ती ते मुलाला वारंवार ऐकवीत. मुलाने आज्ञाधारकपणे गद्य लिहिण्याचा प्रयत्न केला. पण लिहिलेले वाक्य आपोआप वृत्तात बसे.

अरेलियस फस्कस आणि पोर्शियस लॅट्रो या नामांकित शिक्षकांकडे त्याने वक्तृत्वाचे शिक्षण घेतले. थोरला सेनेका याने ऑव्हिडची भाषणे स्वतः ऐकली होती. त्याने नोंदवले आहे की, कायद्याच्या कूट मुद्द्यांवरील वाद ऑव्हिडला रुचत नसे. एखाद्या पौराणिक किंवा ऐतिहासिक व्यक्तीला पेचाच्या प्रसंगी सल्ला देण्याची भाषणे मात्र तो आवडीने करी. पेचात सापडलेल्या व्यक्तीच्या मनात शिरण्याची ही सवय पुढे त्याच्या काव्यात पानोपानी दिसते.

भाऊ वयाच्या विसाव्या वर्षी वारला. आपला अर्धा भागच गेला असे ऑव्हिडला वाटले. त्याने मेसर या कविमित्राबरोबर आशिया मायनरमधील नगरे आणि सिसिली येथे प्रवास केला. अथेन्समध्येही तो शिकला. परतल्यावर काही किरकोळ न्यायविषयक पदे त्याने सांभाळली. पुढची पायरी सिनेटची होती. ती त्याने चढली नाही. सिनेटची उमेद बाळगणाऱ्या तरुणाच्या अंगरख्यावर जांभळा रुंद पट्टा असे. ऑव्हिडने तो सोडून सरदार वर्गाचा अरुंद पट्टा पत्करला आणि कवितेला वाहून घेतले.

त्याची तीन लग्ने झाली. पहिले अगदी कोवळ्या वयात झाले व थोडकेच टिकले. दुसरेही फार काळ राहिले नाही. तिसरी पत्नी मात्र अखेरपर्यंत त्याची राहिली. प्रतिष्ठित फेबियस घराण्याशी तिचा संबंध होता. ऑव्हिडने तिला उद्देशून अनेक कविता लिहिल्या, पण तिचे नाव कोठेही दिले नाही. त्याला आधीच्या विवाहापासून एक मुलगी होती. वडील नव्वदी गाठून वारले आणि त्यांच्यामागून आई गेली. मुलाची हद्दपारी पाहण्याची वेळ दोघांवरही आली नाही, याचे त्याने पुढे समाधान मानले.

प्रेमकाव्ये

मेसॅला कॉर्व्हिनस या मुत्सद्द्याच्या आश्रयाखाली जमलेल्या कविमंडळात ऑव्हिडचा उदय झाला. प्रॉपर्शियस त्याचा मित्र होता. होरेसला त्याने काव्यवाचन करताना ऐकले होते. व्हर्जिलला केवळ पाहिले होते. इ.स.पू. १९ मध्ये व्हर्जिल आणि टिबुलस हे दोघे वारले. टिबुलसच्या मृत्यूवर ऑव्हिडने लिहिलेली विलापिका प्रसिद्ध आहे.

‘अमोरेस’ हा त्याचा पहिला संग्रह आधी पाच भागांत होता. नंतर त्याने स्वतःच काटछाट करून तीन भाग केले. आरंभीच त्याने महाकाव्याची थट्टा केली आहे. युद्धाचे गंभीर काव्य रचायला बसलो असता मदनाने दुसऱ्या ओळीतला एक गण चोरला आणि वीरवृत्ताचे प्रेमवृत्त झाले, अशी ही कल्पना आहे. (महाकाव्याची प्रत्येक ओळ सहा गणांची असे, विलापिकेच्या द्विपदीत दुसरी ओळ पाच गणांची असे.) ‘हिरोइडीस’मध्ये पुराणकथांतील नायिका आपल्या दूरच्या किंवा कृतघ्न प्रियकरांना पत्रे लिहितात. पिनेलोपी, डायडो, मिडीया, अ‍ॅरिअ‍ॅड्नी यांना येथे स्वतःची बाजू मांडायला मिळते. महाकाव्याचा नायक ज्यांना मागे टाकून पुढे जातो, त्या स्त्रियांचे म्हणणे ऐकून घेणे ही त्या काळात नवीच गोष्ट होती. ‘मिडीया’ ही त्याची शोकांतिका क्विंटिलियनने वाखाणली. मात्र तिच्या दोनच ओळी आज उरल्या आहेत.

ख्रिस्ती सनाच्या आरंभाच्या सुमारास ‘आर्स अमातोरिया’ (प्रेमकला) प्रसिद्ध झाली. शेती किंवा शिकारीवरील शास्त्रीय काव्याचा आव आणून हिच्यात प्रियाराधनाचे धडे दिले आहेत. देवळे, ओवऱ्या आणि विजयाच्या मिरवणुका प्रेमिकांना भेटण्यासाठी कशा सोयीच्या आहेत, हेही कवी सांगतो. ऑगस्टसने मोठ्या खर्चाने व अभिमानाने उभारलेल्या वास्तू त्यांत आहेत. पुस्तक खूप वाचले गेले. ज्यांच्या हाती ते जायला नको होते, त्यांच्याही हाती गेले.

ऑगस्टसचे धर्मकारण

ऑव्हिडच्या दोन मोठ्या काव्यांमागची परिस्थिती येथे पाहणे आवश्यक आहे. देवांची उपेक्षा झाल्यामुळेच रोमवर यादवीचे संकट ओढवले, अशी समजूत त्या काळी प्रबळ होती. ऑगस्टसने इ.स.पू. २८ या एका वर्षात ८२ देवळांची डागडुजी केल्याचे स्वतःच्या कार्यवृत्तांतात नोंदवले आहे. लोप पावलेली पुरोहितपदे आणि जुने विधी त्याने पुन्हा चालू केले. इ.स.पू. १८ मध्ये विवाह व व्यभिचार यांविषयी कडक कायदे आणले. इ.स.पू. १२ मध्ये तो प्रमुख धर्माधिकारी झाला. त्याचा दत्तक पिता ज्युलियस सीझर याला देवत्व देण्यात आले होते. त्यामुळे ऑगस्टस देवाचा पुत्र ठरत होता.

सीझरने दिनदर्शिका सुधारली होती. तिच्यात आता राजघराण्याचे विजय, वाढदिवस आणि देवळांच्या प्रतिष्ठापना यांचे नवे दिवस भरू लागले. इ.स.पू. ८ मध्ये एका महिन्याला ऑगस्टसचे नाव मिळाले. त्याआधीच्या महिन्याला सीझरचे होतेच. व्हेरियस फ्लॅकस या विद्वानाने प्रेनेस्टी येथे संगमरवरावर कोरविलेल्या सटीप दिनदर्शिकेचे तुकडे आजही उपलब्ध आहेत. पंचांग हे अशा रीतीने राज्यकारभाराचे अंग बनले होते. ऑव्हिडने काव्यासाठी हाच विषय निवडला.

फास्टी

‘फास्टी’चे सहा भाग आहेत, जानेवारी ते जून असा महिन्याला एक. कोणत्या दिवशी कोणता सण, त्याचे मूळ काय, विधी कसा करायचा, आकाशात कोणता तारा उगवतो वा मावळतो, असा त्याचा क्रम आहे. कवी जिज्ञासू विद्यार्थ्यासारखा देवांनाच प्रश्न विचारतो. जानेवारीच्या आरंभी जेनस हा दोन तोंडांचा देव त्याच्या घरी प्रकटतो आणि आपल्याला दोन तोंडे का, नव्या वर्षी गोड पदार्थ व नाणी का देतात, याची मोकळेपणाने उत्तरे देतो. कधी एकाच प्रथेची तीन-चार कारणे दिली जातात आणि कवी निवाडा न करता पुढे सरकतो. काही टीकाकारांना हा उथळपणा वाटला. पण लोकांच्या तोंडी एका प्रथेची अनेक कारणे असतात, हे ऑव्हिडने जसेच्या तसे टिपले आहे आणि आजच्या अभ्यासकाला त्याचाच अधिक उपयोग होतो.

फेब्रुवारीत पितरांचे दिवस येत. थडग्यापाशी नेण्याचा नैवेद्य अगदी साधा असे: खापरावर ठेवलेला हार, थोडे धान्य, मिठाचे चार खडे, द्राक्षारसात भिजवलेली भाकरी आणि सुटी जांभळी फुले. या दिवसांत लग्ने होत नसत, देवळांची दारे बंद असत आणि वेदींवर अग्नी पेटत नसे. एका युद्धाच्या धामधुमीत हे दिवस पाळायचे राहून गेले, तेव्हा मृतात्मे थडग्यांतून उठून रस्त्यांवर आक्रोश करीत फिरले, अशी आख्यायिका ऑव्हिड देतो. आणि आपल्याला ती खरी वाटणे कठीण जाते, हेही सांगतो. २३ फेब्रुवारीला बांधाच्या दगडाची, म्हणजे टर्मिनस देवाची पूजा असे. दोन शेजारी आपापल्या बाजूने दगडाला हार घालीत. म्हातारी चुलीतला विस्तव खापरातून आणी, म्हातारा लाकडे रची, मुलगा टोपली धरून उभा राही, मुलगी मधाच्या पोळ्याचे तुकडे वाही. एका शेतकरी कुटुंबाचे इतके जिवंत चित्र लॅटिन वाङ्मयात विरळाच आढळते.

मे महिन्यातील लेमुरिया हा विधी याहून गूढ आहे. ९, ११ व १३ मे या रात्री कुटुंबप्रमुख मध्यरात्री अनवाणी उठे, बोटांत अंगठा घालून भुताखेतांना दूर ठेवणारी खूण करी, झऱ्याच्या पाण्याने हात धुई आणि तोंड फिरवून काळ्या घेवड्याचे दाणे मागे टाकी. या दाण्यांनी आपण स्वतःला व घरच्यांना सोडवून घेतो, असे तो नऊ वेळा म्हणे. मागे वळून पाहायचे नसे. त्यानंतर काशाची भांडी वाजवून पूर्वजांच्या छायांना घर सोडून जाण्यास नऊ वेळा सांगितले जाई.

ऑव्हिड स्वतःही या सणांत वावरतो. २१ एप्रिलच्या पारिलिया या मेंढपाळांच्या सणात पेटत्या गवतावरून आपण उड्या मारल्याचे तो सांगतो. नोमेंटम गावाहून परतताना त्याला पांढऱ्या वस्त्रांतील लोकांची मिरवणूक भेटते. पुरोहित कुत्र्याची व मेंढीची आतडी अग्नीत अर्पण करण्यासाठी निघालेला असतो. पिकावर तांबेरा पडू नये म्हणून २५ एप्रिलला हा विधी करीत. कुत्राच का, असे ऑव्हिड वाटेतच पुरोहिताला विचारतो. १५ मार्चला अ‍ॅना पेरेनाच्या उत्सवात लोक टायबर नदीकाठी डहाळ्यांचे मांडव घालून जितके पेले रिचवतील तितकी वर्षे आयुष्य मागत. सीझरची हत्या याच तारखेला झाली होती. ऑव्हिडने या दिवशी झिंगलेल्या म्हातारीने झिंगलेल्या म्हाताऱ्याला ओढत घरी नेल्याचे दृश्य आधी रंगवले आहे आणि सीझरचा उल्लेख नंतर, थोडक्यात केला आहे. सम्राटाला हा क्रम रुचण्यासारखा नव्हता. व्हेस्टा देवीविषयी लिहिताना त्याने आपला पूर्वीचा गैरसमज कबूल केला आहे. तिच्या देवळात मूर्ती असेल असे त्याला बरेच दिवस वाटत होते. तेथे केवळ अखंड अग्नी आहे, हे मागाहून कळले.

जूनपाशी काव्य थांबते. पुढचे दोन महिने जुलै आणि ऑगस्ट, म्हणजे सीझर आणि ऑगस्टस यांच्या नावांचे. हा योगायोग की कवीची इच्छाच उरली नव्हती, याविषयी अभ्यासकांत चर्चा होत आली आहे. आपल्या दैवाने हे काम तोडले, एवढेच ऑव्हिडने सम्राटाला कळवले.

मेटामॉर्फसिस

‘फास्टी’च्या बरोबरीनेच, सुमारे इ.स. २ ते ८ या काळात, ऑव्हिड ‘मेटामॉर्फसिस’ लिहीत होता. महाकाव्याच्या सहागणी वृत्तातील ही त्याची एकमेव उपलब्ध पूर्ण रचना होय. सुमारे १२,००० ओळींत जवळजवळ अडीचशे कथा येतात. विश्वोत्पत्तीपासून सुरू झालेले काव्य सीझर मृत्यूनंतर तारा होतो तेथपर्यंत येऊन पोहोचते. व्हर्जिलच्या ‘इनिइड’ला एक नायक, एक प्रवास आणि एक ध्येय होते. ऑव्हिडच्या महाकाव्याला नायक नाही. एका कथेच्या पोटातून दुसरी निघते, सांगणारे बदलतात आणि टिकून राहते ते एकच सूत्र: देहाचे रूप बदलते. डॅफ्नी लॉरेलचे झाड होते, नार्सिसस फूल होतो, नायोबी पाषाण होते. ‘इनिइड’मधील डायडोची सबंध शोककथा येथे काही ओळींतच आटोपली आहे. व्हर्जिलने जे उत्तम सांगितले ते पुन्हा सांगण्यात अर्थ नाही, हे ऑव्हिडने ओळखले होते.

येथील देव सामर्थ्यवान आहेत, पण न्यायी असतातच असे नाही. सहाव्या सर्गातील अ‍ॅरॅक्नीची कथा या दृष्टीने महत्त्वाची आहे. ही विणकर मुलगी मिनर्व्हाशी स्पर्धा लावते. देवी आपल्या कापडावर सिंहासनस्थ देव आणि उन्मत्त मानवांना झालेल्या शिक्षा विणते. अ‍ॅरॅक्नी मानवी स्त्रियांना फसवणाऱ्या देवांचे अपराध विणते. तिच्या कामात देवीला एकही दोष सापडत नाही. मिनर्व्हा संतापून कापड फाडते, मुलीला मारते आणि अखेर तिचा कोळी होतो. तिसऱ्या सर्गात अ‍ॅक्टीऑन हा शिकारी चुकून स्नान करणाऱ्या डायनाला पाहतो. त्याचे हरीण होते, वाचा जाते आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडतात. येथे दोष दैवाचा, अपराध नव्हे, असे कवी स्पष्ट म्हणतो.

शेवटच्या सर्गात पायथॅगोरसच्या तोंडी एक प्रदीर्घ उपदेश घातला आहे. आत्मा नष्ट होत नाही, तो एका देहातून दुसऱ्या देहात जातो. म्हणून पशूंना मारून खाऊ नये. नांगराला जुंपलेल्या निरपराध बैलाचा बळी देऊन त्या पापात देवांनाही भागीदार करू नये, असे तो सांगतो. बळी हा रोमन धर्माचा कणाच होता. ऑव्हिडचे स्वतःचे मत हेच होते, असे मात्र यावरून म्हणता येणार नाही.

हद्दपारी

इ.स. ८ मध्ये ऑव्हिड एल्बा बेटावर कोट्टा मॅक्सिमस या मित्राबरोबर असताना ही बातमी येऊन थडकली. खटला चालला नाही, सिनेटचा ठराव झाला नाही. खुद्द सम्राटाच्या हुकमाने शिक्षा झाली. कायद्याच्या भाषेत ही सौम्य हद्दपारी होती, म्हणजे नागरिकत्व आणि मालमत्ता शाबूत राहिली. जागा मात्र साम्राज्याच्या पार टोकाची होती.

कारणे दोन होती, असे ऑव्हिड सांगतो: एक काव्य आणि एक चूक. काव्य म्हणजे ‘आर्स अमातोरिया’. चूक कोणती, हे त्याने अखेरपर्यंत उघड केले नाही. आपण जे पाहायला नको होते ते पाहिले, एवढेच तो सूचित करतो आणि स्वतःची तुलना अ‍ॅक्टीऑनशी करतो. त्याच वर्षी ऑगस्टसची नात ज्यूलिया हिलाही व्यभिचाराच्या आरोपावरून एका बेटावर धाडण्यात आले. त्यामुळे दोन्ही प्रकरणांचा संबंध असावा, असा तर्क फार पूर्वीपासून केला जातो. तर्क सयुक्तिक आहे, पण पुराव्याने सिद्ध झालेला नाही. प्रेमकला प्रसिद्ध होऊन तेव्हा काही वर्षे लोटली होती, हे पाहता काव्य हे निमित्त आणि चूक हे खरे कारण असणे संभवते.

रोममधील शेवटच्या रात्रीचे वर्णन त्याने ‘ट्रिस्टिया’त केले आहे. मुलगी दूर आफ्रिकेत होती. तिला काही कळलेही नव्हते. पत्नीला बरोबर जायचे होते, परंतु मालमत्ता सांभाळणे आणि सुटकेसाठी खटपट करणे यासाठी ती मागे राहिली. विझलेल्या चुलीपुढे केस मोकळे सोडून तिने गृहदेवतांची विनवणी केली. ऑव्हिडने ‘मेटामॉर्फसिस’चे हस्तलिखित आगीत टाकले. इतरांकडे प्रती असल्यामुळे काव्य वाचले. ऐन हिवाळ्यात त्याचा सागरी प्रवास सुरू झाला.

तोमिस

तोमिस (आजच्या रुमानियातील कॉन्स्टँट्झा) ही मिलेटसच्या ग्रीकांनी वसवलेली जुनी वसाहत होती. ऑव्हिडच्या वेळी तेथे ग्रीकांबरोबर गेटी जमातीचे लोक राहत आणि लॅटिन बोलणारे फारसे कोणी नव्हते. डॅन्यूब गोठली की सार्मेशियन टोळ्या घोड्यांवरून धाडी घालीत, विषारी बाण तटाच्या आत पडत. पन्नाशी ओलांडलेल्या कवीला शिरस्त्राण घालावे लागले. द्राक्षारस गोठून मडक्याच्या आकाराचा गोळा होई, अशी वर्णने त्याच्या पत्रकाव्यांत येतात. प्रत्यक्षात हे शहर आज समुद्रस्नानासाठी प्रसिद्ध आहे, आणि वर्णनांतील काही तपशील व्हर्जिलच्या ‘जॉर्जिक्स’मधील सिथियाच्या चित्राशी जुळतात. दया यावी म्हणून ऑव्हिडने थंडी वाढवून सांगितली असावी. तो तोमिसला गेलाच नाही, हद्दपारी ही कविकल्पना होती, असेही काहींनी सुचवले. हे मत फारसे मान्य झालेले नाही.

येथे त्याने ‘ट्रिस्टिया’चे पाच आणि ‘एक्स पोन्तो’ या पत्रसंग्रहाचे चार भाग लिहिले. ‘ट्रिस्टिया’चा दुसरा भाग म्हणजे ऑगस्टसला केलेला एक दीर्घ अर्ज आहे. त्यात विनवणीच्या आडून धारदार युक्तिवादही आहे. सम्राटाच्या लाडक्या ‘इनिइड’मध्येसुद्धा डायडोच्या अवैध प्रेमाचाच भाग सर्वांत जास्त वाचला जातो; देवळात गेलेल्या स्त्रीला देवांच्या प्रेमकथाच आठवतात, मग देवळेही बंद करायची काय, असा त्याचा आशय आहे. या अर्जाचा काही उपयोग झाला नाही. रोमच्या सार्वजनिक ग्रंथालयांचे दरवाजे आपल्या पुस्तकाला बंद झाल्याचे त्याने लिहिले आहे.

रोमन पंचांगाचा हा कवी आता रोमच्या सणांपासून तुटला होता. तोमिसमध्ये आपला वाढदिवस आला तेव्हा, वेदी, हार व धूप यांऐवजी आपल्याला चितेचीच सामग्री शोभेल, असे त्याने लिहिले. पत्नीच्या वाढदिवशी मात्र त्याने पांढरे वस्त्र नेसून गवताची वेदी रचली. पुढे कोट्टा मॅक्सिमसने ऑगस्टस, टायबीरियस आणि लिव्हिया यांच्या चांदीच्या प्रतिमा पाठवल्या. त्या ऑव्हिडने घरच्या देव्हाऱ्यात बसवल्या. तो रोज पहाटे त्यांच्यापुढे धूप जाळीत असे. देवांची थट्टा करणारा कवी आपल्याला हद्दपार करणाऱ्याची पूजा करीत होता. ही खुशामत होती की सुटकेच्या आशेने केलेला नवस होता, की मन रोममध्ये ठेवण्याचा तेवढाच मार्ग उरला होता, हे ठरवणे सोपे नाही.

गेटी भाषा तो शिकला. ऑगस्टसच्या मृत्यूनंतर त्याच्या स्तुतीचे एक काव्य त्याने त्या भाषेत रचून वाचून दाखवले. श्रोत्यांनी बाणांचे भाते हलवून दाद दिली. ते काव्य नष्ट झाले आहे. तोमिसच्या लोकांनी त्याचा मुकुट देऊन गौरव केला आणि कर माफ केला. आपल्या तक्रारी ऐकून त्यांना वाईट वाटले, हे कळल्यावर त्याने त्यांची क्षमा मागितली: तक्रार भूमीविषयी आहे, माणसांविषयी नाही.

ऑगस्टस १९ ऑगस्ट १४ रोजी वारला. त्याचे मन वळू लागले होते, असे ऑव्हिडला वाटत होते. टायबीरियसकडून त्याला फारशी आशा नव्हती. म्हणून त्याने ‘फास्टी’चा पहिला भाग पुन्हा हाती घेऊन राजपुत्र जर्मॅनिकसला अर्पण केला, पण सुधारणा त्याच्या पुढे फारशी गेली नाही. सेंट जेरोमच्या नोंदीनुसार ऑव्हिड इ.स. १७ मध्ये मरण पावला व तोमिसजवळ पुरला गेला. ‘फास्टी’तील एका उल्लेखावरून काही अभ्यासक हे वर्ष १८ मानतात.

नंतरचा काळ

बारावे व तेरावे शतक युरोपीय वाङ्मयाच्या इतिहासात ऑव्हिडचे युग म्हणून ओळखले जाते. चौदाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये ‘मेटामॉर्फसिस’चे ख्रिस्ती नीतिपर रूप रचले गेले. डँटीने त्याला होमर, होरेस आणि ल्यूकन यांच्या पंक्तीला बसवले. त्याच्या काव्यांची पहिली मुद्रित आवृत्ती १४७१ मध्ये निघाली. आर्थर गोल्डिंगचे १५६७ मधील इंग्रजी भाषांतर शेक्सपिअरने वाचले होते. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील कारागीर जे नाटक करतात, ते ऑव्हिडच्या पिरॅमस व थिझबी यांच्या कथेचे. बेर्निनीचे ‘अपोलो आणि डॅफ्नी’ हे शिल्प, टिशनची डायनाची चित्रे आणि व्हेलाझ्क्वेझचे विणकर स्त्रियांचे चित्र यांच्या मुळाशीही हेच काव्य आहे. दहाव्या सर्गात पिग्मेलियन हा शिल्पकार स्वतः घडवलेल्या पुतळ्याच्या प्रेमात पडतो. या कथेवरून बर्नार्ड शॉने आपल्या नाटकाला ‘पिग्मेलियन’ हे नाव दिले, आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘ती फुलराणी’ हे त्या नाटकाचे मराठी रूप होय.

‘फास्टी’ मात्र दीर्घकाळ मागे पडले होते. ‘द गोल्डन बाउ’चे लेखक जेम्स फ्रेझर यांनी १९२९ मध्ये पाच खंडांत त्याची सटीप आवृत्ती काढली. रोमन धर्माचे अभ्यासक आज लेमुरिया, पारिलिया वा टर्मिनसच्या पूजेविषयी लिहिताना प्रथम याच अर्ध्या पंचांगाकडे वळतात.

कॉन्स्टँट्झा येथे एत्तोरे फेरारी या इटालियन शिल्पकाराने घडवलेला ऑव्हिडचा पुतळा १८८७ मध्ये उभारण्यात आला. त्याचीच प्रतिकृती १९२५ पासून सुल्मोनाच्या चौकात आहे. सुल्मोना हे आपले जन्मगाव असल्याचे त्याने ज्या चार शब्दांत सांगितले, त्यांची आद्याक्षरे त्या शहराच्या मानचिन्हावर आहेत. त्याची कबर सापडलेली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये रोमच्या नगर परिषदेने त्याची हद्दपारी रद्द करण्याचा ठराव संमत केला.